"आई, त्यानं तसं काही केलं नाही गं"

ताई, माझी मुलगी १९ वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून गेली ती रात्री साडेदहापर्यंत घरी आली नाही. मैत्रिणीकडे फोन केला तर तिथं ती गेलीच नव्हती. आली तेव्हा दारात हे आणि भावजी उभे होते. भावजींनी विचारलं, "कोण होता? उचलून नेलं का तुला? जबरदस्ती केली का त्यानं?" ती रडत रडत "हो" म्हणाली. त्याच रात्री भावजी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. मुलगा तिच्याच कॉलेजातला, आमच्या जातीतला नाही. तो आता तुरुंगात आहे. तिची वैद्यकीय तपासणी झाली, मॅजिस्ट्रेटसमोर जबाबही झाला. चार दिवसांपूर्वी रात्री ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, त्यानं तसं काही केलं नाही गं. आता मी काय करू?" मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. यांना कळलं तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. माझी मुलगी इतकी खोटारडी कशी निघाली? तिला काही मानसिक आजार आहे का? त्या मुलाची आई मला बाजारात दिसते. माझी मान वर होत नाही.

— एक आई

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला, कारण छापून येईपर्यंत थांबावं अशी ही गोष्ट नव्हती. तेव्हा बोलले त्यातलं बरंचसं इथे पुन्हा लिहिते आहे. तुम्ही फोनवर हळू आवाजात बोलत होता, मधे दोनदा कुणीतरी आलं म्हणून फोन ठेवलात. त्यामुळे सगळं नीट ऐकलं गेलं असेल असं नाही. तुमच्या परवानगीनं पत्र थोडक्यात दिलं आहे आणि ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत. अशा प्रकरणात मुलीची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे, आणि त्या मुलाचीही ओळख आपल्या बोलण्यातून कुणाला लागू नये असं मला वाटतं.

आधी तिच्या त्या एका वाक्यापाशी थांबू. "तसं काही केलं नाही." तुम्ही पत्रात लगेच पुढच्या ओळीत लिहिलंत, मुलगी खोटारडी निघाली. पण "तसं काही" म्हणजे काय, हे तुम्ही तिला विचारलं नाहीत आणि तिनंही सांगितलं नाही. उचलून नेलं नाही, मी माझ्या पायांनी गेले, असं तिला म्हणायचं असेल. आमचं प्रेम आहे, जे झालं ते दोघांच्या मर्जीनं झालं, असंही असेल. काहीच झालं नाही, आम्ही नुसते बोलत बसलो होतो, असंही असू शकतं. आणि चौथी शक्यता आहे, जी ऐकणं तुम्हाला आत्ता जड जाईल: ती मर्जीनं गेली, आणि पुढे तिनं नको म्हटल्यावर तो थांबला नाही.

ही चौथी शक्यता मी मुद्दाम पुढे ठेवते आहे. एखाद्या मुलीच्या सांगण्यात एक गोष्ट खोटी निघाली की आपण बाकीचंही खोटं धरतो. वास्तविक लाजेपोटी आणि भीतीपोटी मुली नेमका सुरुवातीचा भाग बदलून सांगतात. "मी त्याच्या गाडीवर बसून गेले" असं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येणार, "गेलीसच कशाला?" म्हणून त्या "त्यानं ओढून नेलं" म्हणतात. नंतर हा भाग खोटा ठरतो आणि त्याच्याबरोबर खरा भागही वाहून जातो. आपल्या महाराष्ट्रातच हे घडलेलं आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं ते प्रकरण, मथुरा प्रकरण म्हणून आज सगळ्यांना माहीत आहे. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असल्या कारणांवरून तिची संमती होती असं धरलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली ज्या चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. १९८३ साली कायदा बदलला. जखमा नसणं म्हणजे संमती असं आता कुणी वैद्यकशास्त्राच्या आधारेही म्हणू शकत नाही. स्टॉकहोममधल्या अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर त्या प्रसंगात लक्षणीय प्रमाणात थिजून गेलं होतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. त्या अवस्थेला मर्जी म्हणता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण ताई, ती स्वतःच नाही म्हणते आहे. म्हणते आहे. तिचं "हो" आपण घाईनं उचललं, आता "नाही"सुद्धा तितक्याच घाईनं उचलायचं का? मागे घेतलेली तक्रार ही आपोआप खोटी तक्रार ठरत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या लिनवुड या गावात २००८ साली १८ वर्षांच्या एका मुलीनं तक्रार केली की एक अनोळखी माणूस रात्री घरात शिरला आणि त्यानं तिला बांधून अत्याचार केला. तिला वाढवणाऱ्या बायकांनाच शंका आली, कारण ती फार शांतपणे सांगत होती. पोलिसांनी पुन्हा पुन्हा उलटसुलट विचारलं. शेवटी ती म्हणाली, मी खोटं बोलले. खोटी तक्रार केल्याबद्दल तिच्यावरच खटला भरला गेला. २०११ साली कोलोरॅडोत एक माणूस अनेक बलात्कारांच्या प्रकरणात पकडला गेला, आणि त्याच्याकडच्या छायाचित्रांत या मुलीचा त्या रात्रीचा फोटो सापडला. अडीच वर्षं ती मुलगी खोटारडी म्हणून जगली होती.

म्हणून स्वतःला काही गोष्टी विचारा, तिला नाही. ती हे बोलली त्याच्या आधीच्या दिवसांत तुमच्या घरी कुणी आलं होतं का? मुलाकडच्या कुणी निरोप पाठवला, पैशाचं किंवा लग्नाचं बोलणं काढलं? कॉलेजातल्या मुलींनी तिला काही ऐकवलं? हे कोर्ट-कचेरीचं लचांड संपवा असं घरात कुणी बोललं? यातलं काहीच नसेल, आणि ती आपण होऊन, रात्री, फक्त आईपाशी बोलली असेल, तर तिच्या बोलण्याला वजन आहे. तुम्ही फोनवर सांगितलंत त्यावरून मलाही तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्यावर एका मुलाची सुटका आणि एका मुलीचं आयुष्य ठरू नये. ती नेमकं काय म्हणते आहे, हे पूर्ण ऐकून घेणारं कुणीतरी हवं.

समजा, ती म्हणते आहे ते खरं आहे आणि त्या मुलानं काहीही केलेलं नाही. मग तुमचा दुसरा प्रश्न उरतो: तिनं असं का केलं?

भावजींचे ते तीन प्रश्न पुन्हा वाचा. "कोण होता? उचलून नेलं का तुला? जबरदस्ती केली का त्यानं?" यात "उचलून नेलं" हा शब्द तिचा नाही. "जबरदस्ती" हाही तिचा नाही. कोर्टात अशा प्रश्नांना सूचक प्रश्न म्हणतात, ज्यांच्या पोटातच उत्तर बसलेलं असतं. रात्रीचे साडेदहा, दारात वडील आणि काका, आईचा चेहरा पांढराफटक, मैत्रिणीकडे होते ही थाप उघडी पडलेली. त्या मुलीपुढे त्या क्षणी दोनच दारं होती. एकावर लिहिलं होतं, "मी आपण होऊन गेले," आणि त्या दाराआड काय आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं: मार, कॉलेज बंद, घाईघाईनं लावलेलं लग्न, कदाचित त्याहून वाईट. दुसरं दार काकांनी स्वतःच उघडून धरलं होतं. त्याआड ती निर्दोष होती. ती त्या दारातून आत गेली. पोलीस, तपासणी, कोर्ट, तुरुंग हे पुढचं काहीही त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे नव्हतं. पुढचं एक मिनिट कसं निभवायचं एवढंच होतं.

असं करणारी तुमची मुलगी जगात पहिली नाही. खोट्या ठरलेल्या आरोपांमागची कारणं शोधणारे जे थोडे अभ्यास झाले आहेत, त्यात हेच कारण सगळ्यांत वर येतं. नेदरलँड्समध्ये पोलीस तपासात खोटेपणा सिद्ध झालेल्या ५७ तक्रारींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आठ हेतू वेगळे काढले: पैसा किंवा तसाच फायदा, सबब, सूड, सहानुभूती, लक्ष वेधणं, मनाची बिघडलेली अवस्था, घडून गेलेल्या संबंधाला नंतर दिलेलं वेगळं नाव, आणि पश्चात्ताप. सगळ्यांत जास्त वेळा सबब निघाली. उशीर का झाला, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, याचं उत्तर. सिनेमात आणि चावडीवर ज्याची चर्चा होते तो सूड पहिला नाही. आणि त्यांच्यातल्या पाचातल्या एकीला आपण असं का बोललो हे सांगताच आलं नाही. तुमची मुलगीही "का केलंस?" या प्रश्नावर गप्प बसेल. ती लपवते आहे असं समजू नका. तिलाच ते कळलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे.

त्या आठांतली काही कारणं मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पाहिली आहेत. पश्चात्तापाचं आणि नाव बदलण्याचं बरेचदा एकत्र येतं. मुलगी मर्जीनं जवळ जाते, तो दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवत नाही, मनात अपमान आणि घृणा दाटते. मैत्रीण म्हणते, "अगं, त्यानं तुला वापरलं, हा तर बलात्कारच झाला." दुखणं खरं असतं, फक्त त्याला मिळालेलं नाव चुकीचं असतं. सहानुभूतीसाठी बोलणारी मुलगी बहुतेक वेळा कमालीची एकटी असते, आणि घरात आजारी पडल्याशिवाय किंवा काहीतरी भयंकर घडल्याशिवाय आपल्याकडे कुणी पाहत नाही हे ती लहानपणीच शिकलेली असते. हेही सांगायला हवं की ज्या स्त्रीवर पूर्वी खरोखर अत्याचार झाला आहे आणि तो कधी कुणाला सांगता आला नाही, तिच्या तोंडून कधीकधी तो भलत्याच माणसाच्या नावावर बाहेर पडतो.

आजाराबद्दल विचारलंत म्हणून सांगते. भ्रमाचे काही विकार असे आहेत की अमुक माणसाचं माझ्यावर प्रेम आहे किंवा त्यानं माझ्याशी वाईट केलं, याची पक्की खात्री रुग्णाला असते. स्वतःवर संकट ओढवून घेऊन रुग्णाच्या भूमिकेत राहण्याचाही एक विकार आहे. पण हे क्वचित. दारात उभ्या असलेल्या वडिलांना घाबरून "हो" म्हणण्याला आजार लागत नाही. मला या प्रश्नाची थोडी भीतीही वाटते, कारण "ती मनोरुग्ण आहे" हे आपल्याकडे स्त्रीचं तोंड बंद करण्याचं जुनं हत्यार आहे, आणि मानसिक आजार असलेल्या स्त्रिया खऱ्या अत्याचाराला इतरांपेक्षा जास्त बळी पडतात. तिला डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर ते आत्ता ती झोपत नाही, जेवत नाही, यासाठी न्या. शिक्का मारून घेण्यासाठी नेऊ नका.

एकदा "हो" म्हटल्यावर ती दुसऱ्या दिवशी "नाही" का म्हणाली नाही, असंही तुम्ही फोनवर विचारलंत. कारण त्या रात्रीतच तो शब्द तिच्या हातातून गेला. काकांनी तो ठाणे अंमलदारांना सांगितला, त्यांनी लिहून घेतला, डॉक्टरांनी त्यावरून तपासणी केली, मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर तोच पुन्हा सांगितला गेला. दर वेळी सांगताना त्यात थोडी भर पडते, कारण प्रत्येक विचारणाऱ्याला तपशील हवा असतो. दर वेळी मागे फिरायची वाट लांब होत जाते. आणि आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. प्रश्न कसा विचारला यानं आठवण बदलते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ सालीच दाखवून दिलं: अपघाताची तीच चित्रफीत पाहिलेल्या माणसांना "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता" असं विचारलं, तर "लागल्या तेव्हा" असं विचारलेल्यांपेक्षा ते जास्त वेग सांगत. तुमच्या मुलीनं तीच कहाणी इतक्यांदा सांगितली आहे की त्या रात्रीतलं खरं काय आणि प्रश्नांतून आलेलं काय, हे तिचं तिलाही काही ठिकाणी धूसर झालं असेल.

जातीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. तीच मला सगळ्यांत जड वाटली. मुलगा तुमच्या जातीतला असता तर भावजींनी तोच प्रश्न विचारला असता का? १९३१ साली अमेरिकेत अलाबामामध्ये मालगाडीतून विनातिकीट जाणारी नऊ कृष्णवर्णीय मुलं पकडली गेली. त्याच गाडीत दोन गोऱ्या गिरणीकामगार मुली होत्या. भटकंतीच्या गुन्ह्यात आपल्यालाच अटक होईल या भीतीत असलेल्या त्या मुलींनी आमच्यावर बलात्कार झाला असं सांगितलं. ते ऐकायला सगळा गाव तयारच बसला होता. पहिल्याच खटल्यात नवांपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. १९३३ साली त्यांतल्याच एका मुलीनं कोर्टात येऊन सांगितलं की तसं काही घडलंच नव्हतं. तरीही त्या मुलांची वर्षंच्या वर्षं तुरुंगात गेली. खोट्याला मुळं धरायला आधीपासून नांगरलेली जमीन लागते. आपल्याकडे ती जमीन जातीची आहे. २०१३ साली दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत सुनावणी पूर्ण होऊन निकाल लागलेल्या बलात्काराच्या ४६० खटल्यांची 'द हिंदू' या दैनिकानं छाननी केली, तेव्हा त्यातली जवळपास ४० टक्के प्रकरणं मर्जीच्या संबंधांची दिसली. त्यांत बहुतेक ठिकाणी जोडपं पळून गेलेलं आणि मुलीच्या आईवडिलांनी तक्रार दिलेली. तिथं खोटं कोण बोललं? कागदावर मुलीचं नाव असतं. शब्द घरच्यांचे असतात.

हे आकडे वाचून कुणी "बघा, बायका खोट्या तक्रारी करतात" म्हणून नाचू नये, म्हणून दुसरी बाजूही इथेच लिहिते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दहा वर्षांत आलेल्या १३६ तक्रारी संशोधकांनी एकेक करून तपासल्या. ८ खोट्या निघाल्या, म्हणजे ५.९ टक्के. इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २०११ ते मे २०१२ या सतरा महिन्यांत बलात्काराचे ५,६५१ खटले चालवले गेले, आणि खोटी तक्रार केल्याबद्दलचे ३५. पुराव्याअभावी सुटणं आणि आरोप खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलीबाबत जे घडलं असेल ते घडलं असेल, पण त्यावरून शेजारच्या घरातली मुलगी उद्या काही सांगायला आली तर तुम्ही तिच्याकडे संशयानं पाहू नका, एवढी विनंती.

आता काय करायचं ते.

तिला एकांतात बसवून "खरं काय ते सांग" असं म्हणू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. खूप वर्षांपूर्वी, नवी असताना, एका मुलीला मी अगदी मायेनं म्हटलं होतं, "आता मला खरं सांग." त्या "खरं"मध्ये तिला ऐकू आलं की आतापर्यंतचं सगळं मी खोटं धरलं आहे. ती पुन्हा आली नाही. तिचं काय झालं मला माहीत नाही, आणि ते मला टोचतं. तुम्ही फक्त म्हणा, "त्या दिवशी घरातून निघालीस तिथपासून सांग, तुला हवं तेवढं." आणि हो-नाही उत्तर येईल असा एकही प्रश्न मधे विचारू नका. ती थांबली तर थांबू द्या.

दुसरं, तिला स्वतःचा वकील हवा. भावजींचा नको, मुलाच्या बाजूचा तर अजिबात नको. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. तिथं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. महिला वकील द्या असं सांगा. मुलीला एकटीला त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. तिची गोष्ट ऐकून वकील ठरवतील की तपास अधिकाऱ्यांकडे पुरवणी जबाब द्यायचा, की न्यायालयापुढे अर्ज करून सांगायचं, की मुलाच्या जामिनाच्या वेळी. यात दिवस मोजावेत. अशा गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असा नियम आहे, आणि एकदा दोषारोपपत्र गेलं की गुंता वाढतो. तो मुलगा आत आहे हे तर आहेच.

शिक्षेचं तुम्ही घाबरत घाबरत विचारलंत. लपवत नाही. जाणूनबुजून खोटा आरोप करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली शिक्षा आहे, आणि आरोप इतका गंभीर असेल तर ती दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. शपथेवर खोटं सांगण्याचं कलम वेगळं. पण कुणाचं नुकसान करायच्या हेतूनं, खोटं आहे हे माहीत असताना आरोप केला, हे सिद्ध व्हावं लागतं. १९ वर्षांची मुलगी, घरच्या पुरुषांनी रात्री ठाण्यात नेलेली, शब्द त्यांनी पुरवलेले, आणि महिन्याभरात स्वतः पुढे येऊन सांगते आहे, याकडे न्यायालय वेगळ्या नजरेनं पाहू शकतं. पुढे होऊन आत्ता सांगणं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत पकडलं जाणं, यातलं तिच्यासाठी कमी धोक्याचं कुठलं, हे वकील तिला समजावून सांगतील.

तुम्हाला एक सोपा मार्ग सुचवला जाईल. "आत्ता गप्प बसा, खटला उभा राहिला की ती फितूर होईल, मुलगा सुटेल, कुणाचंच नाव जाणार नाही." असं शेकडो घरांत होतं. कृपा करून या वाटेनं जाऊ नका. खटला उभा राहीपर्यंत तो वीस वर्षांचा मुलगा काय काय गमावेल याचा हिशेब कुणी करत नाही. त्याची परीक्षा, त्याची झोप, तुरुंगात "या" गुन्ह्यातल्या कैद्याला मिळणारी वागणूक. त्याच्या आईला तुम्ही बाजारात पाहता. ती भाजी घेताना कुणाशी बोलते का, हे तुम्ही फोनवर मला सांगितलंत: भाजीवालीसुद्धा तिच्या हातात पिशवी न देता खाली ठेवते. आणि तुमची मुलगी ही सगळी वर्षं ते पोटात घेऊन फिरेल. पैसे घेऊन किंवा दोघांचं लग्न लावून "मिटवणं" तर नकोच. हा गुन्हा परस्पर तडजोडीनं मिटणारा नाही, आणि तसा व्यवहार झाला की ती खरी असो वा नसो, कायमची विकली गेल्यासारखी होईल.

त्याच्या आईकडे तुम्ही आत्ता जाऊ नका. जावंसं वाटतंय ते मला कळतं, तो तुमच्यातला चांगुलपणा आहे. पण वकिलांशी बोलणं होण्याआधी तुम्ही त्या उंबऱ्यावर गेलात तर उद्या ते दबावाचं किंवा सौद्याचं प्रकरण म्हणून उभं राहील, आणि तुमच्या मुलीच्या शब्दाची किंमत आणखी कमी होईल. माफी मागायची वेळ आली तर ती मुलीनं मागायची आहे, आणि ती वेळ नंतरची आहे.

यांना, म्हणजे तिच्या वडिलांना, कधी सांगायचं? वकिलांची पहिली भेट झाल्यावर. एकटीनं सांगू नका. तुमचा भाऊ समंजस आहे असं तुम्ही म्हणालात, त्याला बोलावून घ्या, आणि त्या दिवशी मुलगी घरात नसू दे, मामाकडे असू दे. तिच्यावर हात उचलला जाण्याची भीती वाटली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, तिथं तिला काही दिवस सुरक्षित राहता येतं. यांना सांगताना मुलीच्या खोटेपणापासून सुरुवात करू नका. त्या रात्री दारात काय काय विचारलं गेलं, तिथून सुरुवात करा. भावजींना दोष द्यायला नव्हे. तेही घाबरले होते, त्यांनी त्यांना माहीत असलेला एकच प्रश्न विचारला. पण तिनं "हो" म्हणण्याआधी तो शब्द तिच्यापुढे कुणी ठेवला होता, हे तिच्या वडिलांना कळायला हवं.

एक गोष्ट मी फोनवर विचारायची राहिले आणि रात्रभर मनात राहिली. "आता मी काय करू?" असं ती म्हणाली, तेव्हा त्यात स्वतःचं काही बरंवाईट करण्याचा सूर होता का? कुणीही विचारू धजत नाही, म्हणून तुम्ही विचारा, सरळ शब्दांत: "तुला जगू नये असं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली किंवा नुसती रडली, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा, तिथं मराठीत बोलता येतं, रात्रीही. घरातली औषधं, फवारणीचं औषध कुठे ठेवलं आहे ते बघा आणि कुलपात ठेवा. ती एकटी झोपत असेल तर आजपासून तुमचं अंथरूण तिच्या खोलीत घाला. बोलायला हवं असं नाही.

माझा नंबर तुमच्याकडे आहे. वकिलांकडे जायच्या आधी एकदा आणि जाऊन आल्यावर एकदा फोन करा. तिला बोलायचं असेल तर तिलाच करू द्या. दुपारी दोन ते चार मी एकटीच असते.